जांबोटी–कणकुंबीचा रस्ता आणि त्यावर वाळत घातलेलं भात

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, कणकुंबी 800 च्या आसपास. मधलं अंतर 50 किलोमीटरच्या आतबाहेर. एवढेच आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल, सकाळी निघू आणि जेवायला घरी येऊ. सायकलवर मात्र हाच रस्ता मांड्या भरून आणतो.

पिरनवाडी मागे टाकून कुसमळीला मलप्रभेचा पूल ओलांडेपर्यंत मैत्रीण आणि मी गप्पा मारत होतो. जांबोटीनंतर गप्पा थांबल्या. सलग घाट असला की एक गिअर धरावा, श्वास बसवावा आणि चढत राहावं. इथे ती सोय नाही. ओढ्यापर्यंत उतार, ओढा ओलांडला की लगेच उभा चढ, माथ्यावर दम घ्यावा तर समोर पुढचा ओढा. कमावलेली उंची दर दोन वळणांनी हातची जाते. नकाशात सपाट दिसणारा हा पट्टा मला तरी सलग घाटापेक्षा जास्त दमवतो.

त्यात रविवार. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. कर्णकर्कश हॉर्न, वळणावर ओव्हरटेक, खिडकीतून भिरकावलेल्या बाटल्या. कणकुंबीच्या अलीकडे एका चढावर एक बाई रस्त्याच्या कडेनं भात पसरत होत्या. ती पट्टी सोडून दोन गाड्या सहज गेल्या असत्या. एक मोठी पांढरी गाडी मागून आली, समोरून काहीही येत नसताना कडेला वळली आणि अख्ख्या भातावरून गेली. दाणे उडून खडीत, गटारात गेले. गाडी थांबली नाही.

आम्ही सायकली टाकल्या आणि त्यांच्यासोबत केरसुणीनं, हातानं भात गोळा करायला लागलो. मला संताप आवरत नव्हता. त्या शांतपणे सूप पाखडत म्हणाल्या, "रोजचंच हाय गं बाय. गव्यांनी तुडवून ऱ्हायलंय ते हे एवढंच."

रस्त्यावर का घालता, असं मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं. शेतात अजून ओल, अंगणावर झाडांची सावली, दिवसभर ऊन मिळतं ते या डांबरावरच. मला ते पटलं. रस्ता अडवू नये, हे बरोबरच. पण भीमगडच्या जंगलाला लागून राहणाऱ्या माणसानं सपाट, कोरडी जागा आणायची कुठून? 2011 मध्ये ते जंगल अभयारण्य झालं. गवे, अस्वलं तिथे आधीपासूनच होती, आणि भातही आधीपासूनच पिकत होतं. आतल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. आणि त्याच डांबरावर पोचल्यावर आपण त्यांच्या अंगावर हॉर्न वाजवतो.

"कुठनं आलासा पोरींनो? जेवलासा काय?" नको म्हणायची सोयच नव्हती. पडवीत बसवून त्यांनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कच्चा कांदा वाढला. घरातल्या आजोबांनी आमच्या सायकलींचे गिअर बोटांनी मोजले आणि एवढे असून पोरी दमल्या कशा, म्हणून मनापासून काळजी केली. पैसे पुढे केले तेव्हा बाईंना राग आला. खरा राग. मी मुकाट्यानं पाकीट आत ठेवलं. नंतर निघताना भाताची दोन पोती आम्ही तिघींनी उचलून आत नेली, तेवढं मात्र त्यांनी करू दिलं.

आजोबांनीच आम्हाला कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचं उगमस्थान नीट बघून जा, असं बजावलं. बघितलं. इथलं पाणी पूर्वेला खानापूरवरून सौंदत्तीकडे आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेत जातं. त्याच गावातला कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईत उतरतो आणि पणजीजवळ समुद्राला मिळतो. एका गावातून दोन समुद्रांकडे वाटा फुटतात, म्हणून तर मधे एवढे ओढे आणि एवढे चढ. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी खोदलेला कालवाही देवळाच्या जवळच आहे. 2018 च्या निवाड्यात म्हादई पाणीवाटप लवादानं कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांचं मिळून 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला कर्नाटकाला दिलं, गोवा आणि कर्नाटकाचं भांडण तरीही मिटलेलं नाही. आकडे पेपरात वाचले होते. तो चर डोळ्यांनी पाहिल्यावर आजोबा तिथे का पाठवत होते, ते कळलं.

गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन परत फिरलो. पॉइंटवर उभं राहायला जागा नव्हती, मक्याची कणसं आणि सेल्फी. मुक्कामाला खानापूर. दुसऱ्या दिवशी नंदगड (इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इथेच फाशी दिली) आणि हलशीचं कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ. दोन्हीकडे माणसं नव्हती, सावली होती, रस्ते अरुंद पण सायकलला मोकळे. हलशीवर वेगळं लिहायला हवं.

कुणी जाणार असेल तर शनिवार-रविवार टाळाच. पाणी दोन बाटल्या जास्त घ्या, जांबोटीनंतर दुकानं विरळ आहेत. आणि गाडीनं जाणार असाल तर सुगीच्या दिवसांत कडेला भात दिसलं की ब्रेक दाबा. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, आठवड्याच्या मधल्या वारी, आम्ही पुन्हा याच रस्त्यानं जाणार आहोत. सोबत यायचं असेल त्यांनी आत्ताच कळवा.