बावटा लाटांचा, मैल्याचा नाही
आज गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून तपासणीसाठी पाण्याचे नमुने घेतले. निर्जंतुक बाटली भरली की थेट बर्फाच्या पेटीत. एका पर्यटक काकांनी विचारलं, "पाणी चांगलंय ना? पोरं आत आहेत." काय सांगणार! आंघोळीच्या समुद्राला मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० फीकल कॉलिफॉर्मची, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूंची, पण ते जंतू उबवून मोजायला दोन-तीन दिवस जातात. तोवर काका गावी पोचलेले! आणि लाल बावटा लाटा-प्रवाहांसाठी लागतो, मैल्यासाठी नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? एवढंच म्हटलं, "रात्री परतीचा पाऊस बदाबदा कोसळलाय. नाल्याच्या तोंडापाशी पोरांना जाऊ देऊ नका, पाणी तोंडात जायला नको." काकांनी सरळ शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. धाकटा माझ्याकडे असा रागानं बघत होता, जणू समुद्र मीच बंद केला!