साकोलीकडची फळखाऊ वटवाघळं: जाणार असाल तर आधी हे वाचा

मार्चमधे भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या पुढच्या एका गावात जाऊन आलो. तिथं मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवर जुन्या चिंचेला मोठी वटवाघळं म्हणजे टेरोपस मेडियस लटकलेली असतात, ऊन वाढलं की पंखांनी वारा घेत बसतात, काहींच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. बघत राहावं असंच आहे. नागपूरहून साकोलीला एसटी मिळते पण पुढं बाईकच, त्यामुळे आदल्या संध्याकाळी मुक्कामी पोचा कारण विष्ठेतून डीएनएचे नमुने घ्यायचं काम पहाटेचं आहे.

वटवाघळं उजाडायच्या आत परततात, त्याआधी झाडाखाली स्वच्छ ताडपत्री अंथरायची आणि पडलेली ताजी विष्ठा स्वच्छ चिमट्याने उचलून ९५ टक्के इथेनॉलच्या कुपीत टाकायची. विष्ठेत आतड्यातल्या पेशी असतात, त्यातून डीएनए निघतो, म्हणजे प्राण्याला जाळ्यात धरायची गरजच नाही, आणि पिल्लांच्या दिवसांत धरूच नये. ऊन लागलं की डीएनए तुटतो, म्हणून वाळलेलं काही उचलू नका.

गावातल्या एका काकाजींना विचारलं, गावात कोणी मारत नाही का यांना? म्हणाले, "नाई बाप्पा. मोहाच्या बिया तेच इकडून तिकडं नेतेत, मंग नवीन झाड उगवते."

टेरोपस तर आकारावरूनच ओळखू येतो, डीएनएतल्या जीनवरून जात ओळखायचा खरा उपयोग लहान जातींसाठी. सायनोप्टेरस स्फिंक्सच्या कानाला पांढरी कड असते, गुहा आणि पडक्या वाड्यांतल्या रुसेटसला नसते, पण स्फिंक्स आणि त्याचा भाऊबंद ब्रॅकिओटिस नुसत्या फोटोवरून वेगळे करणं अवघड. मग सीओआय या जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जीनचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जेनबँक या डीएनएच्या खुल्या संग्रहातल्या नोंदींशी ताडून बघतात. मात्र हा जीन फक्त आईकडून येतो, संकर झाला असेल तर एकट्या त्यावरून कळणार नाही, म्हणून फोटो आणि झाडाची नोंद सोबत हवीच.

मास्क आणि हातमोजे घालाच. महाबळेश्वरच्या गुहेतल्या रुसेटसमधे निपाह विषाणूच्या अँटिबॉडीज सापडल्याचं पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) २०२१ मधे सांगितलंय. घाबरून झाडं तोडायचं कारण नाही, उघड्या हातानं विष्ठेला शिवू नका एवढंच. वनविभागाची लेखी परवानगी निघायच्या आधीच हातात असू द्या, पूर्वी वन्यजीव कायद्यात ही वटवाघळं उपद्रवी प्राण्यांत धरायचे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तसं नाही.

आणि कुपीवरची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, इथेनॉल सांडलं की पेनाची शाई जाते.