गडावर सांगायला गेलो होतो

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाला पायी निघालेल्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेनं भगवे झेंडे दिसले की त्यांच्यामागं चालू लागायचं. धुळ्याहून लळिंग, आर्वी, पुरमेपाडा, झोडगे, मालेगाव. मग महामार्ग सोडून देवळा, कळवण आणि शेवटी नांदुरी. रामनवमीला सुरू झालेला चैत्रोत्सव पौर्णिमेला संपतो. पारा चाळिशीच्या पार गेलेला असतो. त्यामुळे चालायचं ते पहाटे आणि रात्री, दुपारी मिळेल त्या मंडपात आडवं व्हायचं.

मी निघालो तेव्हा घरी काही महिन्यांचं बाळ होतं आणि त्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी छिद्राच्या वर सरकलेली, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून जाड झालेला उजवा कप्पा. एकात चार दुखणी. अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे न जाता तसंच अंगभर फिरतं, म्हणून ओठ आणि नखं निळी. आम्हाला वाटायचं, थंडीनं होत असेल. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, त्यातल्या डॉक्टर बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग टू-डी इको, मग मुंबईची चिठ्ठी. केशरी रेशनकार्डावर ऑपरेशन मोफत बसत होतं. तारीखही मिळाली होती, पण बाळाला सर्दी-ताप आला आणि तारीख पुढे गेली. छातीत कफ असताना भूल देत नाहीत.

त्या मधल्या दिवसांत घरात एकच नियम होता, बाळाला रडू द्यायचं नाही. रडलं की निळं पडायचं, श्वास धापेला लागायचा. मग बायको त्याचे दोन्ही गुडघे पोटावरून छातीला टेकवून त्याला घट्ट धरून बसायची. पाय असे दुमडले की अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडसर होतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं, हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असायचा. त्यावर ६२, ६५, ७० असे आकडे चढताना मी पाहिले आहेत. ७८ आला की ती श्वास सोडायची. तोवर तिचाही अडकलेलाच असायचा.

आणि नातेवाईक! पहिला प्रश्न, "ग्रहण पाळलं नव्हतं का?" बायको आतल्या खोलीत ऐकत असायची. माझी माय देवीची इतकी की शुक्रवारी पाण्याचा घोटही ओटी भरल्याशिवाय घेत नाही. पण एकदा तिनं विचारणारीला उंबऱ्यातच थांबवलं. "तिना काय दोष शे? चहा पी आन जाय." एक मामा म्हणाले, बाळाला गडावर नेऊन देवीच्या पायावर घाला, मग ऑपरेशनची गरजच पडणार नाही. अशा माणसांचा मला अजून राग येतो. त्यांना देवीबद्दल काही वाटत असेल असं मला वाटत नाही; त्यांना फक्त दुसऱ्याच्या घरात शब्द चालवायचा असतो.

मायनं नवस बोलायलाही नकार दिला. मुलगा बरा झाला तर अमुक करीन, हे तिला पटेना. मला म्हणाली, "देवीले काही मांगू नको. सांगीसन ये फक्त." भावाची गाडी दारात उभी राहील, १०८ चा नंबर भिंतीवर राहील, हे ठरवून मी निघालो. बायको म्हणाली, "तुम्ही घरात येरझाऱ्या घालता, त्यापेक्षा रस्त्यावर चाला."

लळिंगच्या चढालाच दम लागला. झोडग्याच्या अलीकडे डाव्या टाचेला फोड आला. बरोबरच्या एका आप्पांनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला, पाणी झिरपत राहतं म्हणून. डॉक्टर हे करू नका म्हणतात. वाटेवर मात्र सगळे हेच करतात. मंडपांतून टरबूज, मठ्ठा, खिचडी मिळत होती. पाठीमागच्या पिकअपवरचा डीजे मात्र सहन होत नव्हता. देवीला इतक्या मोठ्यानं का सांगावं लागतं?

रात्री मालेगावातून जाताना यंत्रमाग चालूच होते. एका कारखान्याच्या दारात बसलेल्या चाचांनी पाणी दिलं, पाय लंगडतोय म्हणून खुर्ची दिली. कशासाठी चाललाय विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बाळाचं नाव विचारून घेतलं आणि वर बघून काहीतरी पुटपुटले.

खिशातला फोन थरथरला की पाय आपोआप थांबायचे. बायकोचा मेसेज, फक्त आकडा. ८१. ७९. देवळ्याला ८३ आला आणि मी मंडपात दोनदा पोहे खाल्ले. कळवणच्या पुढे रेंज गेली. ते तास मी कसे चाललो, आठवत नाही. नांदुरीत फोन लागला तेव्हा ती म्हणाली, "झोपलाय. तुम्ही जेवलात का?"

वर पायऱ्या पाचशेच्या पुढं. २०१८ पासून ट्रॉलीही आहे, पण पायी आलेला माणूस ट्रॉलीत बसत नाही, मग टाच काहीही म्हणो. तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर कड्यात कोरलेली अठरा हातांची आई समोर आली. शेंदराचं जुनं कवच २०२२ मध्ये उतरवल्यापासून तिचे डोळे जास्त स्पष्ट दिसतात. मागून लोक ढकलत होते. मी घाईघाईनं सांगितलं: वजन साडेपाच किलो, सर्दी गेली, हिमोग्लोबिन ठीक आहे, तारीख यायची आहे, बायको झोपत नाही. पुजारी म्हणाले, पुढे चला.

ऑपरेशन वैशाखात झालं. हृदय थांबवून, रक्त यंत्रातून फिरवून, छिद्रावर पॅच आणि वाट रुंद. छातीवर उभी खूण आहे. झडप थोडी गळते, तपासणी आयुष्यभर. डिस्चार्जच्या दिवशी मायनं सर्जनसाठी धुळ्याहून नेलेली बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी काढली. गडाचं कुंकू त्यांनी कपाळाला लावून घेतलं, मग पिशवीत डोकावून विचारलं, "आजी, हे तळायचे की भाजायचे?"

"भाजीसन खा," माय म्हणाली, "आन तेल कच्चं लाव, कंजुशी नको करू."