बिग बेल्टची तयारी: म्यूल डिअर आधी, अस्वल जमलं तर

शिकारीची जागा ठरली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना शहराच्या वरच्या अंगाला बिग बेल्ट डोंगररांगेचं उत्तर टोक आहे. तिथला गेट्स ऑफ द माउंटन्स वाइल्डरनेस (कायद्याने राखलेलं रान) आणि त्याला लागून असलेलं राष्ट्रीय वन, एवढाच टापू धरलाय. या भागात कधी पाय ठेवलेला नाही आणि गाइड घ्यायचा नाही, त्यामुळे सध्या सगळी भिस्त नकाशावर.

पहिला पेच तारखांचा. काळ्या अस्वलाचा शरद हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. रायफलने हरणाची शिकार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि पाच आठवडे चालते. म्यूल डिअरचे (लांब कानांच्या हरणाचे) नर माजावर येऊन बेफिकीर होतात ते नोव्हेंबरच्या मध्याला, पण तोवर बरीचशी अस्वलं गुहेत शिरलेली असतात. दोन्ही साधायचं तर हरणांचा हंगाम उघडतानाचेच दिवस हवेत. नर सावध असतील, ते चालेल.

दुसरा पेच वजनाचा, आणि माझा सगळा बेत त्याच्याभोवतीच फिरतोय. वाइल्डरनेसमध्ये चाक चालत नाही. गाडी नाही, सायकल नाही, शिकार ओढायची हातगाडीसुद्धा नाही. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच 30 किलोच्या घरात जातं. फरे, मांड्या, चाप सगळं पाठीवर. वर नर की मादी ते दाखवणारी लिंगाची खूण मांसाला लागलेली ठेवायची, हा नियम आहे. म्हणून ट्रेलहेडपासून (जिथे गाडी सोडून पायवाट सुरू होते तिथून) पाच किलोमीटरच्या पलीकडचं सगळं मी नकाशावर खोडून टाकलं. त्यात दोन फार देखणी पठारं गेली, जीव हळहळला. पण उतारावरून रिकामं जाऊन चढावर लादून यायचं, असली जागा कितीही हरणांची असली तरी नकोच. हरीण मिळालं की ते गाडीत पोचेपर्यंत अस्वलाकडे बघायचंही नाही, हेही ठरलंय.

उरलेल्यातून जुनी जळीत रानं निवडतोय. आग लागून गेलेल्या उतारांवर झुडपं नव्याने फुटतात आणि म्यूल डिअर तीच खुडतात. पहाटे थंड हवा दरीत उतरते, ऊन तापलं की वर चढू लागते. तेव्हा दिवस उजाडता समोरच्या धारेवर बसून दुर्बिणीने पलीकडचा उतार बारीक चाळायचा, आणि नर कुठे बसतो ते कळल्यावर हवा वर वाहायला लागली की वरून उतरायचं. रेफ्रिजरेटर कॅन्यनसारख्या चुनखडीच्या अरुंद घळींत वारा कुठून कुठे वळेल याचा भरवसा नाही. तिथून फक्त ये-जा.

अस्वलासाठी मोंटानात ओळख-परीक्षा द्यावी लागते, म्हणजे काळं अस्वल आणि ग्रिझली ही दुसरी, मोठी, संरक्षित जात यांतला फरक ओळखून दाखवायचा. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल दालचिनी रंगाचंही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा, कपाळाखाली खोलगट चेहरा, कान आखूड, पुढची नखं लांब. ग्रिझली इथे येणारच नाही असं मी धरत नाही, म्हणून बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) पट्ट्यावरच, पिशवीत नाही. पिल्लांसोबतची मादी मारता येत नाही. त्यामुळे अस्वल एकटं दिसलं तरी बराच वेळ नुसतं बघत राहायचं. मिळालंच तर 48 तासांत कळवायचं. मांस 71 अंश सेल्सियसपर्यंत शिजवायचं, कारण अस्वलातले ट्रायकिनेलाचे जंत फ्रीझरमध्येही तग धरू शकतात. सुक्क्यापेक्षा मंद आचेवरचा रस्सा बरा, असं माझं मत. हरणाच्या लसिकाग्रंथी सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूला होणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या) तपासणीला द्यायच्या आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावायचा नाही.

अडलंय ते पाण्यावर. चुनखडीचा डोंगर, ओढे जमिनीत जिरतात, नकाशावरची निळी रेघ खरी असेलच असं नाही. उन्हाळ्यात एक चक्कर मारून बघणार आहे, पण जून-जुलैचं पाणी ऑक्टोबरात टिकतं का ते त्यातून कळणार नाही. इथल्या बीव्हर क्रीक ओढ्याच्या वरच्या अंगाला त्या दिवसांत कुणी राहिलं असेल तर पाणी कुठे मिळालं ते सांगा. नाहीतर गाडीतून कॅन भरून नेणं आणि मुक्काम रस्त्याजवळ ठेवणं, हाच बेत कायम.