केसांचं वाळवण

माझे केस म्हणजे शेवया. सरळसोट, गुळगुळीत. क्लिप लावली तर पाच मिनिटात घसरून कानाजवळ लोंबायला लागते, आणि रबर बँड कधी कुठे पडला ते घरी आल्यावर कळतं. लोक म्हणतात किती सिल्की गं, तेल कोणतं लावते? आता काय सांगायचं. कुरळ्या केसांवाल्या मैत्रिणी स्ट्रेटनिंगवर हजारो रुपये घालवून राहिल्या आणि मी केस कुरळे व्हावेत म्हणून रोज रात्री डोक्याला गाऊनचा पट्टा बांधून झोपून राहिले.

हा पट्ट्याचा प्रकार आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पट्टा हेअरबँडसारखा डोक्यावरून आडवा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे ओलसर केस त्याच्याभोवती गुंडाळत न्यायचे, टोकाला रबर लावायचं आणि सकाळी सोडायचं. इस्त्री नाही, मशीन नाही, म्हणून हीटलेस. (मे महिन्यात नागपुरात बसून हीटलेस म्हणताना माझं मलाच हसू येतं ते सोडा.) पहिल्या दिवशी सकाळी आठला पट्टा सोडला आणि आरशात पाहून मीच दोन मिनिटं गप्प. काय लाटा, काय बाऊन्स! मग स्कार्फ गुंडाळला, त्यावर हेल्मेट, स्कूटी काढली आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला स्कार्फ नीट करायला म्हणून हात मागे नेला तर शेवया. ऑफिसात कोणाला कळलंसुद्धा नाही की मी आज काही केलं होतं.

पुढचे दोन महिने प्रयोगात गेले. मोजे बांधून पाहिले, बारीक वेण्या घालून पाहिल्या, ऑनलाइन तो सॅटिनचा रॉड मागवला, केस जास्त ओले ठेवले, कमी ओले ठेवले. एवढं कळलं की नुकत्याच धुतलेल्या केसांपेक्षा दुसऱ्या दिवशीचे केस बरे धरतात, कारण नुसते शाम्पू-कंडिशनरवाले केस फार निसरडे असतात, आणि तेल लावलं की वजनाने सगळं खाली येतं. पण फरक पडून पडून किती, तर व्हरायटी चौकाऐवजी झाशी राणी चौक.

गुपित कळलं ते गच्चीवर. एप्रिलमध्ये आईच्या कुरडया चालल्या होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू, त्याचा चीक, तो शिजवून सोऱ्यातून प्लास्टिकवर गोल गोल वेटोळी. मी मदतीला म्हणजे नुसती उभी. मला एक कुरडई वरून छान कडक दिसली म्हणून उचलायला गेले, तर मधून ओली, अर्धी हातात अर्धी प्लास्टिकवर. आई ओरडली, "अगं काय करून राहिली! आतून वाळली का पाह्यलं का? आकार वाळल्यावरच धरते ती." आणि मी तिथेच, हाताला चीक लागलेला, विचार करत बसले.

कारण केसांचं नेमकं हेच आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्यात काही बंध पक्के असतात, गंधकाचे, ते पाण्याला दाद देत नाहीत, पार्लरमधलं पर्मिंग केमिकल लावून त्यांनाच तोडून परत जोडतं. आणि दुसरे असतात हायड्रोजन बंध, एकदम कच्चे, पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात परत जुळतात. म्हणजे ओला केस गुंडाळून ठेवला आणि पूर्ण वाळला तर कुरळा, आत ओल राहिली तर अर्धी कुरडई. आणि वाळलेल्या कुरळ्या केसाला दमट हवा लागली की बंध परत सुटायला लागतात, केस आपल्या मूळ वळणावर. याला मराठीत आधीपासून शब्द आहे की, सादळणं. पापड सादळतो, बिस्कीट सादळतं, तसे माझे कर्ल सादळत होते. केस हवेतली ओल इतकी इमानदारीने पितो की 1783 मध्ये सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं दमटपणा मोजायचं यंत्रच काढलं, दमट हवेत केस लांब होतो, कोरड्यात आखडतो, त्यावर काटा हलतो.

पण मग नागपुरात, उन्हाळ्यात, ओल येते कुठून? इथली दुपारची हवा तर अशी की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत कडकडीत होतो. रात्री झोपताना वर पाहिलं आणि उत्तर खिडकीत घरघरत होतं. कूलर! खसाच्या ताट्या, टाकीभर पाणी, आणि त्याचा झोत थेट माझ्या डोक्यावर रात्रभर. सगळे सल्ले देतात रात्रभर बांधून ठेवा, पण ते सल्ले देणारं कोणी कूलरपुढे झोपत नसावं. माझे केस रात्रभर वाळतच नव्हते, सकाळी पट्टा सोडायचे तेव्हा वरवर कोरडे आणि आत गार.

कूलरशिवाय झोपायचं म्हणता? एक रात्र करून पाहिलं. घामाने केस परत ओले झाले, वरून झोप नाही ती नाहीच.

मग कुरडयांचंच टाइमटेबल धरलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी केस जरासेच ओलसर करायचे, पट्ट्यावर घट्ट गुंडाळायचे आणि गच्चीच्या जिन्यात सावलीत बसायचं. वरून गरम हवा येते, एक-दीड तासात आतपर्यंत कडक. सोबत जवसाचं जेल. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की गरम असतानाच सुती कापडातून गाळायचं. गरम असतानाच, हे लक्षात ठेवा. मी थंड होऊ दिलं आणि चहाच्या गाळणीत ओतलं, ती गाळणी नंतर चहाला कधीच मिळाली नाही. आईचं दुःख वेगळंच, "चटणीचं जवस डोक्याला लावून राहिली ही पोट्टी." पण कर्ल टिकले! दुपारी तीनचे रात्री दहापर्यंत. बोटांनीच मोकळे केले, कंगवा लावलाच नाही.

म्हणून मावसबहिणीच्या लग्नाला सगळं पद्धतशीर केलं. ऐन नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, आणि रिसेप्शन वर्धा रोडच्या एका लॉनवर. दुपारी जिना, जवस, पट्टा. कारने गेले, स्कार्फ नाही. लॉनच्या गेटवर दोघी-तिघींनी विचारलं पार्लर कोणतं, मी नुसती हसले. आणि तेवढ्यात मामीने हात धरला, "ये गं, इथे बस, हवा लागते." हवा म्हणजे तो पाण्याचे फवारे उडवणारा भला मोठा पंखा. नागपुरात मे महिन्यात पंख्यासमोरची खुर्ची कोणाला दिली म्हणजे मान दिला, आणि मान देणाऱ्या मामीला कुठल्या तोंडाने सांगायचं की माझे हायड्रोजन बंध सुटतील? बसले.

स्टेजवर फोटोला उभे राहिलो तेव्हा आईने माझ्याकडे एकदा नीट पाह्यलं, डावीकडे लाटा, उजवीकडे शेवया, आणि फोटोग्राफरला म्हणाली, "हिला या बाजूने घ्या दादा, ती बाजू सादळली आहे."