आरशावरची टिकली

सोमवार, रात्री साडेदहा

आरशावर आज टिकली नव्हती.

गेल्या सोमवारी होती. उजव्या कोपऱ्यात, मरून रंगाची, अगदी बारीक. त्याच्या आधीच्या सोमवारीही होती. शुक्रवारी सकाळी निघताना मी ती नखाने खरवडली आणि खिडकीतून टाकून दिली. आठवड्याच्या चार रात्री तरी हा आरसा माझा आहे, असं वाटलं होतं. आज येऊन बघते तर आरसा लख्ख पुसलेला, डिंकाचा डागसुद्धा नाही. खिडकीत तिची खोबरेलची बाटली असायची, तीही दिसेना. वाकून पाहिलं तर कॉटखाली, पार भिंतीशी सरकवलेली कापडी पिशवी. तिला दोन गाठी.

म्हणजे तिला कळलं.

काकूंनी खोली दाखवली तेव्हाच सांगितलं होतं, शनिवार-रविवार क्लासला खोपोलीहून एक मुलगी येते, ती याच कॉटवर झोपेल, चालत असेल तर साडेसहा हजार. निळा अभ्रा माझा, पिवळा तिचा. मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कुणाला? पंचवटी एक्सप्रेसच्या पासावर चार महिने नाशिक-मुंबई अप-डाऊन केलं. सातच्या सुमाराला नाशिकरोड सोडायचं, घरी परतायला रात्रीचे दहा. धाकटी झोपलेली असायची, आणि आईंचं ताट झाकून ठेवणं मला बघवायचं नाही. मग खोली शोधायला लागले. दादरला नुसत्या वन-आरकेचं भाडं माझ्या निम्म्या पगाराएवढं, वर डिपॉझिट, वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, वर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. "मला फक्त सोम ते शुक्र हवीय" म्हटलं की ब्रोकर म्हणायचे, "मॅडम, महिना म्हणजे महिना." मुलुंडला एकींनी तोंडावर विचारलं, नवरा नाशिकला आणि तुम्ही इथे एकट्या, का? त्या दिवशी स्टेशनच्या बाकावर बसून दोन गाड्या सोडल्या. सव्वीस वर्षं नोकरी करून या शहरात मला एक पलंग मिळत नाही, हे कुणाला फोन करून सांगावं तेही सुचेना. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, सोड प्रमोशन. तो विषय आज नको.

पण टिकली का काढली मी? दिवसभर तेच डोक्यात आहे. तिचा त्रास काय होता? चादर ती चौघडी घालून पायथ्याशी ठेवते, किनार भिंतीकडे. माझ्यापेक्षा नीट. बादलीसुद्धा पालथी घालून जाते. राग खरा त्या मुलुंडच्या बाईंचा होता, ब्रोकरचा होता, आणि निघाला तो एका बारीक टिकलीवर, जिच्या मालकिणीला मी पाहिलेलंही नाही. तिलाही कुणीतरी म्हटलंच असेल ना, दोन दिवसांसाठी कोण देतं खोली!

परळच्या खोलीबद्दल आजोबा सांगायचे. गिरणीतली आमच्या गावची पंधरा-सोळा माणसं, खोली एक. पाळीप्रमाणे झोपायची. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचललेली असायची, जागा अजून उबदार. प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी आणि खाली एक ट्रंक. जेवणावरून भांडणं व्हायची, पाण्यावरून व्हायची, पण दुसऱ्याच्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही. १९८२च्या संपानंतर ते गावी आले ते ती ट्रंक घेऊनच. आम्ही पोरं तिच्यावर बसून अभ्यास करायचो. मुंबईत आजोबांना किती कमी जागा होती, याचंच मला तेव्हा वाईट वाटायचं. ती खुंटी पंधरा माणसांनी आजोबांची म्हणून सांभाळली होती, हे आज कळतंय.

या मुलीची खुंटी म्हणजे आरशाचा तेवढा कोपरा.

आता झोपायच्या आधी तोंड धुतलं आणि सवयीने हात कपाळाला गेला. घरी बाथरूमच्या आरशावर माझ्या टिकल्यांची अख्खी रांग आहे, ह्यांना दाढी करताना त्यांच्यातून बघावं लागतं. इथे तीन आठवडे मी टिकली काढून परत पाकिटावर लावत होते. आपलं घर नाही म्हणून. तिने मात्र पहिल्याच आठवड्यात लावली असणार. बरं केलं तिने.

आज मीही लावली. डाव्या कोपऱ्यात. उजवा तिचा.

पिशवीच्या गाठी सोडवाव्यात असं फार वाटलं, पण हात लावला नाही. उद्या काकूंकडून तिचा नंबर घेते. बाटली खिडकीतच ठेव म्हणावं, वाकून काढताना कॉटची पट्टी पाठीला लागते.