नान्नजला काळविटाच्या लेंड्या गोळा करायला जाणार असाल तर

"सकाळी जायचं, माळावर लेंड्यांचा सडा पडलेला असतो, पिशव्या भरायच्या आणि दुपारी परत." असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. सांगणारा ऑक्टोबरच्या उन्हात त्या माळावर कधी उभा राहिलेला नसणार. काळविटांमधल्या परजीवींची तपासणी करणाऱ्या एका पशुवैद्यक मित्रासोबत मी नमुने गोळा करायला गेलो होतो. पाय अजून ठणकतायत, तरी विसरायच्या आत लिहून टाकतो.

आधी परवाना. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. कागद हातात पडल्याशिवाय निघू नका.

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्याला, वीस-बावीस किलोमीटर. एका जीपवाल्याने "आत माळापर्यंत सोडतो" म्हणून दोन हजार घेतले आणि डांबरी रस्त्यावरच उतरवून दिलं. ही सरळ लूट आहे. ओळखीतली मोटरसायकल मिळवा. एसटी आहे, पण हरणं उजाडता उजाडता चरायला असतात तेव्हा ती कामाची नाही.

आता खरी डोकेदुखी. माळावर मेंढरं आणि शेळ्याही चरतात, आणि त्यांच्या लेंड्या काळविटाच्या लेंड्यांशेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. नुसतं चालत जाऊन उचललेला नमुना माझ्या मते कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा. दुसरा सापळा म्हणजे लेंड्यांचे मोठे ढीग. हद्द धरून बसलेला नर पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतो. तिथून दहा पिशव्या भरल्यात तरी बहुधा एकाच नराची तपासणी होणार. सोबतच्या वनमजूर मामांनी रीत सांगितली: "टाकताना बघा, जागा डोळ्यात धरा, कळप हलला की मग जावा." म्हणजे दुर्बीण लावून तासन् तास बसणं. कळप हलला की कुसळी गवतातून झपझप चालायचं. कुसळं मोज्यातून आरपार जातात, तेव्हा जाड कापडाची पँट आणि घोट्यावर गुंडाळायला पट्टी हवीच.

ताजी लेंडी ओलसर, काळपट, चकचकीत असते. हातमोजे घालून वरच्या वरच्या उचला. मातीला टेकलेली घेतली की मातीतले सूत्रकृमी, म्हणजे बारीक धाग्यासारखे जंत, नमुन्यात येतात. पिशवी लगेच बर्फाच्या डब्यात. सोलापूरच्या उन्हात जंतांची अंडी दिवसभरात उबून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी बोंबलते. पहिल्या दिवशी बर्फ अकरालाच वितळला. गावात मिळेल या भरवशावर राहू नका, सोलापुरातूनच दुप्पट न्या. नंतरचे दिवस बरे गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात घोळून, गाळून नळीत भरली आणि तोंडावर काचेची चकती ठेवली. अंडी तरंगून चकतीला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ कवचाचं लांबट अंडं आणि आत पेशींचा घोस दिसला तेव्हा दिवसभराचा शीण उतरला, खरंच. पण नुसत्या अंड्यावरून जंताची जात ठरत नाही. त्यासाठी लेंडी आठवडाभर उबवून अळ्या ओळखाव्या लागतात. काळवीट शेळ्या-मेंढ्यांच्याच कुळातलं, त्यामुळे हिमाँकससारखा रक्त पिणारा जंत दोघांत फिरू शकतो. म्हणून त्याच कुरणातल्या मेंढरांचे नमुनेही घ्या, मेंढपाळाला विचारून.

टोक्सोप्लाझ्मा किंवा निओस्पोरा हे एकपेशीय परजीवी शोधायचे असतील तर लेंड्यांच्या मागे मुळीच जाऊ नका. पहिल्याची अंडपुटी (अंड्यासारखी कवचबंद अवस्था) मांजराच्या विष्ठेतून पडते, दुसऱ्याची कुत्रा-लांडग्यांच्या. हरणाच्या लेंडीत ती उतरत नाही. तिथे रक्तातली प्रतिपिंडंच बघावी लागतात, आणि तीही एवढंच सांगतात की जनावराची त्या परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती. ते आज आजारी आहे असा अर्थ काढू नका. रक्तासाठी काळवीट पकडणं धोक्याचं, धसक्यानेही ते मरतं. त्यापेक्षा विहिरीत पडलेलं किंवा गाडीने उडवलेलं जनावर उपचाराला येतं तेव्हा पशुवैद्यकाने रक्त काढावं, ही परवानगी आधीच मागून ठेवा. रक्त गोठू द्या, वरचं सीरम, म्हणजे सुटलेलं पिवळसर पाणी, वेगळं काढा आणि ते फ्रीजरमध्ये ठेवा. लेंडी मात्र फ्रीजरमध्ये नको, साध्या फ्रीजमध्येच.